खोऱ्यातला रस्ता: नंबरापासून निधीपर्यंत

२०१३ साली आमच्या रस्त्यावर दोन किलोमीटर डांबर पडलं आणि गावात कुणालाच आनंद झाला नाही. ग्रामसभेच्या ठरावात आम्ही लिहिलं होतं, ‘पहिल्या दोन किलोमीटरचे डांबरीकरण व्हावे.’ आमच्या मनातला पहिला किलोमीटर मारुतीच्या देवळापासून निघणारा, चढाचा, पावसाळ्यात ओढाच होऊन जाणारा. सरकारी कागदावर मात्र रस्ता मोठ्या रस्त्याच्या फाट्यापासून सुरू होतो. शून्य तिथं असतो. त्यामुळे फाट्याकडचे दोन किलोमीटर, जे आधीच बरे होते, त्यांच्यावर पुन्हा डांबर आलं. आमचा चढ होता तसाच राहिला, आणि ‘या रस्त्याला नुकताच निधी दिला आहे’ हे उत्तर आम्ही पुढं दोन वर्षं ऐकलं.

मी २०१२ ते २०१७ पुणे जिल्ह्यात, भोर तालुक्यातल्या हिर्डस मावळातल्या एका गावची सरपंच होते. नऊ किलोमीटरचा रस्ता, त्यावर पाच ग्रामपंचायती आणि अकरा वाड्या. तो पूर्ण व्हायला सहा वर्षं लागली. त्यातली तीन वर्षं पैशावाचून गेली नाहीत, आमची तयारी नव्हती म्हणून गेली. हल्ली मुळशी, मावळ, जुन्नरकडचे सरपंच, सदस्य, पुण्यात नोकरी करणारी गावची मुलं फोन करून विचारतात, ‘ताई, कुणाला भेटू?’ भेटायचं नंतर. आधी काय करायचं ते इथं लिहिते.

रस्त्याचा नंबर आणि मालक

रस्त्याला नाव असून भागत नाही, नंबर लागतो. राज्यात राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशा पायऱ्या आहेत. बोलताना सगळे प्रजिमा, इजिमा, ग्रामा म्हणतात. राज्य मार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे. ज्याच्याकडे रस्ता, त्याच्याकडेच प्रस्ताव. हे माहीत नसलं की माणूस पुण्यात सेंट्रल बिल्डिंगमधल्या बांधकाम विभागातून जिल्हा परिषदेत आणि तिथून परत असा हेलपाटे घालत बसतो, आणि स्वारगेटवरून शेवटची भोर गाडी निघून जाते.

नंबर मिळतो रस्ते विकास योजनेच्या यादीत आणि नकाशात. आपल्याकडे २००१ ते २०२१ ची योजना वापरात होती, आजही बहुतेक रस्ते तिथल्याच नंबरांनी ओळखले जातात. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जा, शाखा अभियंत्यांना (आमच्याकडे त्यांना रावसाहेब म्हणतात) तालुक्याचा नकाशा दाखवायला सांगा आणि तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या. रस्त्याचा नंबर, शून्य कुठं आहे, आणि एकूण लांबी. याच शून्यापासून पुढचं अंतर म्हणजे साखळी क्रमांक. ‘सा. क्र. ४/२०० ते ६/७००’ असं लिहिलं की पुण्यात बसलेल्या माणसालाही चार किलोमीटर दोनशे मीटरवर काय आहे ते शोधता येतं. ‘देवळाजवळचा खराब भाग’ त्याला कसा सापडणार?

रस्त्याला नंबरच नसेल, तर पहिलं काम नंबर मिळवण्याचं. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, तो रस्ता आहे का ते बघा. नसेल तर नोंद करा, आणि रस्ते योजनेत समावेश करण्याचा ठराव वेगळा पाठवा. गाडी-वर्दळ वाढली असेल, रस्ता दोन मोठे रस्ते जोडत असेल, तर दर्जोन्नतीही मागता येते. ग्रामा असलेला रस्ता इजिमा झाला किंवा इजिमाचा प्रजिमा झाला, की त्याच्यासाठी पैशाचे वेगळे दरवाजे उघडतात. मात्र दर्जोन्नतीला शासन निर्णय लागतो आणि वेळ जातो. त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

भर पावसात टेप घेऊन चाला

हे काम मी कुणालाही चुकवू देणार नाही. जुलैमध्ये, रस्ता सगळ्यात वाईट असतो तेव्हा, फाट्यापासून गावापर्यंत चालत जायचं. सोबत ३० मीटरची टेप, चुन्याची पिशवी, वही, फोटो काढायला मोबाइल, आणि प्रत्येक गावातलं एक म्हातारं माणूस. म्हातारं माणूस यासाठी, की पाणी पूर्वी कुठून जायचं हे त्यालाच माहीत असतं.

आम्ही २०१५ च्या जुलैत चाललो. दर शंभर मीटरला दगडावर चुन्याची खूण. जिथं पाणी रस्ता ओलांडतं तिथं थांबायचं आणि कुंपणाकडं बघायचं. करवंदीच्या जाळीत, तारेत, झाडाच्या बुंध्यावर पाला-काटक्या अडकलेल्या असतात. तो पाला जितक्या उंचीवर, तितकं पाणी येऊन गेलेलं. ५/३५० ला तो पाला माझ्या कमरेला लागत होता, आणि तिथं मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, म्हणून होता एक हातभर व्यासाचा पाईप, अर्धा गाळानं भरलेला. टेप लावून फोटो काढला. पुढं अंदाजपत्रकात तिथं स्लॅबची मोरी आली ती त्या फोटोमुळे. नाहीतर ‘जुन्या पाईपची दुरुस्ती’ एवढ्यावर ते भागवणार होते.

नऊ किलोमीटरमध्ये पाणी रस्ता ओलांडतं अशा २६ जागा निघाल्या. मोऱ्या होत्या १४. उरलेल्या १२ जागी दरवर्षी डांबर उखडायचं आणि आम्ही ठेकेदाराला शिव्या घालायचो. आमच्या पश्चिम पट्ट्यात रस्ता पाण्यानं मरतो, गाड्यांनी नंतर. इंदापूर, दौंड, बारामतीकडं गोष्ट वेगळी, तिथं काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. तिथं मोऱ्यांइतकंच खालच्या मुरमाच्या आणि खडीच्या थरावर भांडायला हवं. आपल्या मातीचं सीबीआर काढलं का, हे रावसाहेबांना विचारा. माती किती भार पेलते त्याची ही चाचणी. रस्त्याची जाडी तिच्यावर आणि वाहनांच्या संख्येवर ठरते.

म्हणून वाहनंही मोजा. तीन दिवस, त्यातला एक बाजाराचा, आणि शक्यतो सुगीत, भरलेल्या गाड्या रस्त्यावर असतात तेव्हा. आमच्याकडं नववीच्या मुलींनी फाट्यावर बसून पाच-पाच रेघांनी मोजणी केली. दुचाकी, जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, एसटी, बैलगाडी, वेगवेगळे रकाने. विभागाची मोजणी वेगळी होतेच, पण आपल्या हातात आकडा असला की बोलणं बदलतं. दुसरी वही दुधाची. डेअरीची गाडी वर येत नव्हती, कॅन साडेतीन किलोमीटर डोक्यावर किंवा दुचाकीवर खाली जायचे. उशीर झाला की दूध फाटायचं आणि परत यायचं. एका पावसाळ्यात कुणाचं किती लिटर परत आलं ते बचत गटाच्या बायकांनी तारखेनिशी लिहून ठेवलं. निवेदनातल्या ‘ग्रामस्थांची अतिशय गैरसोय होते’ या वाक्यापेक्षा ती वही बैठकीत जास्त वेळ वाचली गेली.

जागा

निम्मे रस्ते इथं अडकतात. ग्राम सडक योजनांत जमीन विकत घ्यायला पैसे नसतात, जागा गावानं मोकळी करून द्यायची असते. ‘देतील की, गावचंच काम आहे’ असं म्हणून वर्क ऑर्डरपर्यंत गेलात, की जेसीबीसमोर कुणीतरी आडवं झोपतं आणि मशीन दुसऱ्या तालुक्यात निघून जातं. ते सहा महिने परत येत नाही.

आधी रस्त्यालगतच्या प्रत्येक गटाची यादी करा, सातबारा काढा, भोगवटादार सगळे लिहा, मुंबईतले भाऊ आणि नांदायला गेलेल्या बहिणीसुद्धा. मग एकेका घरी जा. रात्री जेवणानंतर, दोघातिघांनीच. वीस माणसं घेऊन गेलं की समोरच्याला दबाव वाटतो आणि ‘नाही’ पक्कं होतं. आमच्या एका नानांचा नकार दीड वर्ष टिकला. शेवटी कळलं, त्यांना तीन फूट जमिनीचं काही नव्हतं. रस्ता रुंद झाला की वडिलांनी रचलेली दगडी ताल, म्हणजे शेताचा दगडी बांध, जाणार, हे दुखत होतं. रावसाहेबांनी तिथं रस्ता दीड मीटर समोरच्या पडीक बाजूला सरकवला, आणि जेवढी ताल हलली तेवढी पोरांनी श्रमदानानं तशीच्या तशी रचून दिली. नानांनी संमतीपत्रावर सही करून वर चहा पाजला.

संमती तोंडी ठेवू नका. लेखी घ्या, गट नंबर आणि रुंदी घालून. जुना वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ बांधावरून रस्ता देतं. पण मनापासून सांगते, मुख्य रस्त्यासाठी ही वाट शेवटची. दावा लागला की निधी वाट बघत नाही.

वनखात्याची जमीन मध्ये आली तर अनेकजण प्रस्तावच सोडून देतात. तसं करू नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावासाठीच्या रस्त्याला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची सोय आहे. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आमच्या ८०० मीटरच्या तुकड्याला हेच लागू झालं. भीमाशंकरसारखं अभयारण्य असेल तर मात्र वन्यजीव विभागाची परवानगी हा आणखी वेगळा विषय.

ठराव एकच, गावं पाच

एकट्या गावानं नऊ किलोमीटर मागितले तर तीनशे मीटर मिळतात. आम्ही पाच सरपंच एसटी स्टँडवरच्या हॉटेलात बसलो आणि ठरावाचा मजकूर एकच केला, शब्द न् शब्द. तोच रस्ता नंबर, तेच साखळी क्रमांक, तोच मोऱ्यांचा तक्ता. २ ऑक्टोबर २०१५ ला पाचही ग्रामसभांत तो मंजूर झाला. गणपूर्तीकडं लक्ष द्या: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. सह्यांचं रजिस्टर नीट ठेवा, कारण ठरावाला आव्हान तिथंच मिळतं. शिवाय रस्ता ग्रामपंचायत विकास आराखड्यात आला पाहिजे आणि ‘हे काम दुसऱ्या कोणत्याही योजनेतून मंजूर नाही’ असा दाखला जोडला पाहिजे. दाखला नसला की फाईल परत येते, आणि परत आलेली फाईल पुन्हा वर जाईपर्यंत वर्ष उलटतं. आमची एक फाईल एका कार्यालयात सापडेनाशीच झाली होती. पोच घेतलेली प्रत आमच्याकडं होती म्हणून निभावलं. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावरून उठू नका.

पैसे कुठून

सगळ्या रस्त्याला एकच योजना शोधत बसू नका, आणि वीस योजनांचे वीस तुकडेही करू नका. पाठीचा कणा एका मोठ्या योजनेतून करायचा आणि फक्त सुटी कामं इतर निधीतून.

कण्यासाठी पहिली बघायची ती प्रधानमंत्री ग्राम सडक योजना. २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. आता आपल्या राज्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात भर आहे तो अजून बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्यांवर. २०११ च्या जनगणनेनुसार सपाट भागात ५०० लोकसंख्या, अनुसूचित क्षेत्रात २५०. म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातल्या वस्त्यांनी हे जरूर तपासावं. वाडी छोटी म्हणून निराश होऊ नका. जवळजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची तरतूद या योजनेत पहिल्यापासून आहे, सपाटीवर ५०० मीटरच्या घेऱ्यात.

रस्ता आहे पण खराब आहे, अशांसाठी राज्याची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना, ऑक्टोबर २०१५ पासूनची. दोन्ही योजना महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेमार्फत चालतात, आणि दोन्हींत बांधणाऱ्या ठेकेदारानंच पाच वर्षं देखभाल करायची असते. माझ्या मते हीच त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू. आमचे साडेसहा किलोमीटर यातून झाले.

जिल्हा नियोजन समितीचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वाटला जातो. तिथं दोन लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी हिशोबातले खर्चाचे नंबर, पाठ करून ठेवा: ३०५४ म्हणजे दुरुस्ती-देखभाल, ५०५४ म्हणजे नवीन बांधकाम आणि सुधारणा. दुरुस्तीच्या पैशातून मोरी मागितली की प्रस्ताव तिथंच थांबतो. गावांतर्गत काँक्रीटला ‘पंचवीस पंधरा’, म्हणजे २५१५. पश्चिमेकडच्या तालुक्यांना डोंगरी विकास कार्यक्रम; आमच्या दोन मोऱ्या आणि एक संरक्षक भिंत त्यातून झाली. आदिवासी वाड्यांसाठी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जा. खासदार-आमदारांचा स्थानिक निधी मोरी, वळणावरचा कठडा असल्या नेमक्या कामाला मागा. त्यातून किलोमीटरच्या किलोमीटर रस्ता होत नाही. जवळ खाणी, क्रशर असतील आणि त्यांच्याच डंपरनी रस्त्याची चाळण केली असेल, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीवर तुमचा हक्काचा दावा आहे. मोठा पूल असेल तर नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीतून बांधकाम विभाग कर्ज उचलतो. ती यादी मुंबईत ठरते, तिथं आमदारांचा पाठपुरावाच कामाला येतो. शेताकडच्या पाणंदींना योजना वेगळ्या; २०२१ मध्ये मातोश्री योजना आली. पाणंद मुख्य रस्त्याच्या प्रस्तावात घुसडू नका, दोन्ही अडकतील.

वर्षाचं गणित असं धरा. पावसाळ्यात पाहणी, ऑगस्ट ते ऑक्टोबर ठराव, दिवाळीपूर्वी अंदाजपत्रक. हिवाळ्यात जिल्ह्याचा आराखडा आकार घेतो, मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प. तिथं हुकलं तर जुलैच्या आणि डिसेंबरच्या पुरवणी मागण्या. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. यातला प्रत्येक कागद कुठल्या टेबलावर आहे ते दर सोमवारी एकानं फोन करून विचारायचं. त्याच एकानं, दर वेळी नवा माणूस नको. आणि निवडणुका दिसत असतील तर आचारसंहिता लागायच्या आत कार्यारंभ आदेश हातात घ्या.

काम चालू असताना

अंदाजपत्रकाची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करा. त्यात प्रत्येक थराची जाडी असते. आम्ही चौघींनी एक फूटपट्टी, एक दोरी आणि गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घेऊन रोज संध्याकाळी चक्कर मारली. ग्रामीण रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ३.७५ मीटर असते. आमच्यासारख्या पावसाच्या भागात मधला भाग कडेपेक्षा सहा-सात सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे पाणी थांबत नाही. नळीनं ते दोन मिनिटांत कळतं. एका ठिकाणी फरक दोन सेंटिमीटर निघाला. कारपेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, टाकायच्या आधी दाखवला म्हणून दुरुस्त झाला. नंतर कुणी ऐकलं नसतं. वरचा कारपेटचा थर दाबल्यावर २० मिलिमीटर, अंगठ्याच्या रुंदीइतका. आणि ओल्या खडीवर डांबर टाकू द्यायचंच नाही, ३१ मार्च उद्यावर आलेला असला तरी.

कामावरच्या मजुरांशी, रोलरवाल्याशी नीट वागा, पाणी-चहा द्या. ठेकेदाराच्या माणसाशी भांडायचं असेल तर रावसाहेबांच्या समोर आणि मोजमापासह. साइडपट्ट्या आणि गटार बिलाच्या शेवटी येतात आणि त्यांचाच विसर पडतो. त्या पूर्ण झाल्याशिवाय पूर्णत्वाच्या दाखल्याबाबत ग्रामपंचायतीनं होकार देऊ नये.

आमचं काम मे २०१९ ला पुरं झालं. फलकावरची तारीख ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही रंगवली, कारण पाच वर्षांचा हिशोब तिथून. नोव्हेंबर २०२३ मध्ये, मुदत संपायच्या सहा महिने आधी, पुन्हा टेप घेऊन चाललो आणि साखळी क्रमांकांसह २३ दोषांची यादी पोच घेऊन दिली. १९ दुरुस्त झाले. उरलेल्या चारांत ५/३५० च्या मोरीचा खचलेला पंख, म्हणजे बाजूची भिंत, आहे. त्याची तीन स्मरणपत्रं गेली आहेत, चौथं या सोमवारी जाईल.